एका दुय्यम विषयाचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या जून महिन्यांतली गोष्ट. आमच्या शेजारीं राहणारी एक मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत नांव घालावयास निघाली होती. अर्थशास्त्र हा तिचा मुख्य विषय ठरलेलाच होता. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यावयाचा असतो, आणि त्या जागीं तिनें 'स्त्री-अभ्यास' असें लिहिलें होतें. तिच्या वडिलांना तें पटेना. ते तिला घेऊन माझ्याकडे आले; कारण मीं आयुष्याचीं तीस वर्षें इतिहास शिकविण्यांत घालविलीं, आणि शिक्षणाच्या बाबतींत मला विचारण्याची त्या घराची जुनी रीत आहे. "बायकांविषयीं शिकावयाला महाविद्यालय कशाला हवें? घरांत आई आहे, आजी आहे," असें ते हंसत म्हणाले. पण त्या हंसण्यामागें काळजी होती. मुलीच्या उमेदीचीं तीन-चार वर्षें आणि घरचा पैसा, या दोहोंचा तो प्रश्न होता. मीं फारसा विचार न करतां सांगून टाकलें, "संख्याशास्त्र घे, पुढें उपयोगी पडेल."

मुलीनें वाद घातला नाहीं. उठतांना तिनें एवढेंच विचारलें, "काका, तुम्हीं इतकीं वर्षें वर्गांत १८८२ साल शिकविलें. त्याच सालीं ताराबाई शिंद्यांचें पुस्तक निघालें. तें तुम्हीं कधीं सांगितलें होतें का?"

मीं तें कधीं सांगितलें नव्हतें. १८८२ साल म्हटलें कीं माझ्या टिपणांत तीन गोष्टी ठरलेल्या असत : हंटर आयोग, त्या आयोगापुढें जोतीराव फुल्यांनीं केलेलें निवेदन, आणि लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव. चौथी गोष्ट त्या टिपणांत नव्हती, आणि ती नाहीं याची खंतही मला कधीं वाटली नव्हती. त्या रात्रीं मीं कपाटांतलीं जुनीं टिपणें काढून पाहिलीं. तीस वर्षांच्या त्या कागदांवर स्त्रियांचीं नांवें किती आढळलीं, तें सांगावयास मला संकोच वाटतो. म्हणून आज, शिक्षक म्हणून राहिलेलें एक देणें फेडावें अशा भावनेनें, या दुय्यम समजल्या जाणाऱ्या विषयाचा इतिहास मी आपणांपुढें मांडतों.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्त्रियांना शिकविणें ही एक गोष्ट, आणि स्त्रियांच्या जीवनाचा शास्त्र म्हणून अभ्यास करणें ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याकडे १८४८ सालीं, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास मुलींची शाळा उघडली तेव्हांपासून जोरानें सुरू झाली. दुसरी गोष्ट विद्यापीठांच्या दाराशीं पोंचावयास सवाशें वर्षें लागलीं. मधल्या काळांत वाद पुष्कळ झाले. पण ते बहुतेक एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहिले : स्त्रियांना काय शिकवावें, आणि किती शिकवावें? पुण्यास १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हां तेथें मुलींना इंग्रजी आणि वरचे विषय शिकविण्यावर 'केसरी'नें कडक टीका केली. सुधारकांनीं त्या टीकेस उत्तर दिलें. पण सुधारक काय आणि त्यांचे विरोधक काय, शिकलेली स्त्री घराला कितपत उपकारक ठरेल हेंच माप बहुतेकांच्या हातीं होतें. स्त्रीला स्वतःला कांहीं सांगावयाचें असेल, आणि तें ऐकल्यावांचून समाजाविषयींचें आपलें ज्ञान अपुरें राहील, हा विचार फारच थोड्यांच्या मनांत आला होता.

सांगणाऱ्या स्त्रिया मात्र होत्या. फुल्यांच्या शाळेंत शिकलेली मुक्ताबाई ही मांग समाजांतली मुलगी. तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. अस्पृश्यतेविषयीं पुढें पुष्कळांनीं लिहिलें. पण ज्यांच्या घरावर धड छप्पर नाहीं अशा बायकांचे बाळंतपणांत थंडीवाऱ्यानें काय हाल होतात, हें या शाळकरी मुलीनें आधींच लिहून ठेविलें होतें. जातीचें दुःख आणि स्त्रीचें दुःख यांची सांगड तिला कोणीं शिकवावी लागली नाहीं. तिच्या वस्तींत तीं दोन्हीं दुःखें एकाच घरांत राहत होतीं.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं ताराबाई शिंदे पुढें आल्या. त्या बुलढाण्याच्या. १८८१ सालीं गुजरातेंत सुरत जिल्ह्यांतील विजयालक्ष्मी नांवाच्या एका विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती कमी करण्यांत आली. त्या खटल्याचें निमित्त करून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखल उडूं लागला. ताराबाईंनीं त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' हें छोटेखानी पुस्तक लिहिलें. तें १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. त्यांचा प्रश्न सरळ होता : जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात, ते पुरुषांत नाहींत काय? आणि असतील, तर शिक्षा एकीलाच कां? यांत दयेची याचना नव्हती. स्त्री आणि पुरुष यांना एकाच तराजूंत घालून पाहण्याची ती मागणी होती. 'तुलना' हा शब्द त्यांनीं शीर्षकांतच घातला, आणि तुलना ही शास्त्राची पहिली पायरी होय.

या पुस्तकाचें पुढें काय झालें? जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सारां'त ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर तें पुस्तक विस्मृतींत गेलें. ताराबाईंनीं दुसरें पुस्तक लिहिल्याचें आढळत नाहीं. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं जुन्या ग्रंथांच्या ढिगाऱ्यांतून तें काढून पुन्हां छापलें. म्हणजे त्र्याण्णव वर्षें गेलीं. तें कोणीं जाळलें नव्हतें, कीं सरकारनें जप्त केलें नव्हतें. कोणत्याहि अभ्यासक्रमांत त्याला जागा नव्हती, एवढेंच. पुस्तक नाहींसें करावयाला वैरी लागत नाहीं; तें कोणत्याच पाठ्यक्रमांत न बसणें पुरेसें असतें. माझ्या टिपणांनीं त्या कामांत आपला वांटा उचलला, हें मला आतां कबूल केलें पाहिजे.

आतां १९१६ सालाकडे वळूं. या एका सालीं दोन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींपासून हजारों कोस दूर घडल्या. पण आज मागें वळून पाहतां त्या शेजारीं शेजारीं ठेवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला होता. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हातीं आली, आणि १९१५ सालच्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं भारतांतहि असें विद्यापीठ व्हावें, हा विचार मांडला. पुढच्याच वर्षीं तें निघालें. पहिल्या विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें आणि त्यांत गृहजीवनास लागणाऱ्या विषयांना स्थान असावयाचें, हें त्या विद्यापीठाचें धोरण होतें. त्यावर टीकाहि झाली. पण ज्या काळीं मुलीनें दाराबाहेर पाऊल टाकणें हीच लढाई होती, त्या काळीं अण्णासाहेबांनीं हें दार उघडून दिलें, हें विसरतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क शहरांत घडली. ९ मे १९१६ रोजीं कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रांत पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं भारतांतील जातींविषयीं एक निबंध वाचला. जातीचा प्राण कशांत आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचें उत्तर असें कीं, जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या बंधनांत तो आहे. हें बंधन टिकवावयाचें तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचें आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचें काय करावयाचें, ही अडचण उभी राहते. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या रूढी या अडचणीवरचे उपाय म्हणून आल्या, अशी त्यांनीं मांडणी केली. याचा अर्थ फार खोल आहे. स्त्रीच्या आयुष्यावर घातलेलीं बंधनें ही जातिव्यवस्थेची बाजूची गोष्ट नाहीं. तीं काढून घेतलीं तर जातीची भिंतच उभी राहत नाहीं. तेव्हां ज्याला जात समजून घ्यावयाची आहे, त्यानें स्त्रीचा विचार तळटीपेंत ठेवून भागणार नाहीं.

एकाच सालीं पुण्याजवळ स्त्रीला ज्ञानाचें दार उघडलें गेलें, आणि न्यूयॉर्कांत, स्त्रीकडे पाहिल्यावांचून समाजाचें ज्ञान पुरें होत नाहीं, हें दाखविलें गेलें. या दोन धाग्यांची गांठ पडावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

मधल्या काळांत देश स्वतंत्र झाला. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली आणि तिनें स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले. शिकलेल्या वर्गाची अशी समजूत झाली कीं, आतां हा प्रश्न सुटला. राहिलें तें काळाच्या ओघांत आपोआप होईल. या समजुतीच्या काळांत वेगळ्या वाटेनें गेलेल्या थोड्या अभ्यासकांत नीरा देसाई यांचें नांव घ्यावें लागतें. आधुनिक भारतांतील स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं मुंबई विद्यापीठांत प्रबंध लिहिला आणि १९५७ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. पुढें त्या कर्व्यांच्याच विद्यापीठांत अध्यापिका होत्या.

मग १९७१ साल आलें. भारत सरकारनें देशांतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमली. फुलरेणु गुहा तिच्या अध्यक्षा होत्या. पुढें विना मजुमदार सदस्य-सचिव म्हणून आल्या. कायद्याच्या प्राध्यापिका लतिका सरकार सदस्य होत्या. या साऱ्या उच्चशिक्षित, स्वतंत्र भारताच्या घटनेवर विश्वास असलेल्या स्त्रिया. प्रगतीचें चित्र काढावयाचें आणि उरलेल्या उणिवा दाखवावयाच्या, अशा अपेक्षेनें काम सुरू झालें असावें. पण आंकडे वेगळेंच बोलूं लागले. १९०१ सालच्या शिरगणतींत दर हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ सालीं ९३० उरल्या. सत्तर वर्षांत रेल्वे वाढली, दवाखाने वाढले, शाळा वाढल्या, स्वराज्य आलें. आणि स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. खाणींतून आणि गिरण्यांतून कामकरी स्त्रिया कमी होत चालल्या होत्या. शेतींत राबणाऱ्या असंख्य स्त्रियांची कामकरी म्हणून नोंदच होत नव्हती. १९७४ च्या अखेरीस सादर झालेल्या या अहवालाचें नांव 'समानतेच्या दिशेनें' अशा अर्थाचें होतें. आंतील मजकूर मात्र आपण त्या दिशेपासून किती दूर गेलों आहों, तें सांगत होता.

विना मजुमदार यांनीं पुढें मोकळेपणानें कबूल केलें कीं, आपण आणि आपल्या पिढींतल्या शिकलेल्या स्त्रिया समानतेचीं फळें चाखत होतों, आणि देशांतल्या बहुसंख्य स्त्रियांचें काय चाललें आहे याची आपणांस कल्पनाच नव्हती. त्या स्वतः राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका. ज्या विद्यापीठांत त्या शिकल्या आणि शिकवीत होत्या, त्या विद्यापीठांनीं त्यांना तें सांगितलें नव्हतें. शिरगणतीचे आंकडे तर दर दहा वर्षांनीं छापले जात होते. ते वाचून "हें असें कां?" म्हणून विचारणारा विषयच कोणत्या शाखेंत नव्हता. माझ्या मतें स्त्री-अभ्यासाचा खरा जन्म येथें आहे.

परदेशांत हा विषय थोडा आधीं निघाला होता. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील महाविद्यालयांत १९७० सालीं स्त्री-अभ्यासाचा पहिला कार्यक्रम सुरू झाला. तो विद्यार्थिनींच्या आणि अध्यापिकांच्या चळवळींतून आला होता. आपल्याकडे त्याची पाळेंमुळें निराळीं आहेत. १९७४ सालीं कर्व्यांच्या विद्यापीठांत नीरा देसाई यांच्या पुढाकारानें स्त्री-अभ्यासाचा संशोधन-विभाग स्थापन झाला. जेथें एके काळीं "स्त्रियांना काय शिकवावें?" हा प्रश्न होता, तेथेंच अठ्ठावन्न वर्षांनीं "स्त्रियांविषयीं आपण काय शिकलोंच नाहीं?" हा प्रश्न उभा राहिला. दिल्लींत समाजशास्त्र संशोधन परिषदेचे जे. पी. नाईक या कार्याच्या पाठीशीं उभे राहिले. हे शिक्षणतज्ज्ञ मूळचे कोल्हापूर जिल्ह्यांतले, हें येथें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. १९८१ च्या एप्रिलमध्यें स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईस याच महिला विद्यापीठांत भरली, आणि १९८२ सालीं या अभ्यासकांची भारतीय संघटना निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें या विषयास मान्यता दिली. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साह्यानें ठिकठिकाणीं केंद्रें निघालीं. पुणें विद्यापीठाचें केंद्र १९८७ चें. पुढें त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव मिळालें.

या सुरुवातीच्या काळांत एक मोठा वाद होता, आणि माझ्या शेजारच्या मुलीच्या प्रश्नाशीं त्याचा थेट संबंध आहे. स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय व्हावा, कीं इतिहास, अर्थशास्त्र, कायदा अशा सर्व विषयांत तो मिसळावा? स्वतंत्र केला तर तो एका खोलींत कोंडला जाईल आणि बाकीचे विषय पूर्वींसारखेच निर्धास्त चालतील, अशी एक भीति. मिसळला तर सर्वांचा म्हणून कोणाचाच राहणार नाहीं, अशी दुसरी भीति. मुंबईच्या परिषदेंत कल असा होता कीं, इतर विषयांना प्रश्न विचारणारी दृष्टि हेंच त्याचें मुख्य कार्य असावें. पुढें केंद्रेंहि निघालीं आणि पदव्याहि निघाल्या. पण ती पहिली भूमिका आजहि मला विचार करण्यासारखी वाटते. कारण मुख्य विषयाच्या शेजारीं बसून त्याला प्रश्न विचारणारा विषय, हेंच तर दुय्यम विषयाचें वर्णन आहे.

तो प्रश्न विचारल्यानें काय होतें, हें तीन उदाहरणांनीं सांगतों.

पहिलें उदाहरण अर्थशास्त्राचें. घरच्या शेतांत निंदणी-खुरपणी करणारी, गुरांचें शेण-पाणी पाहणारी, मागावर नवऱ्याला कांड्या भरून देणारी बाई काम करते कीं नाहीं? शिरगणतीचा कारकून दाराशीं येऊन विचारी, आणि घरांतून उत्तर येई, "ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते." अभ्यासकांनीं आणि स्त्री-संघटनांनीं याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९९१ च्या शिरगणतींत कामाविषयींच्या प्रश्नाला एक पुस्ती जोडण्यांत आली : शेतांतलें किंवा घरच्या धंद्यांतलें बिनमोबदल्याचें काम धरून. कंसांतले चार शब्द. पण त्यांच्यामुळें कोट्यवधि हातांकडे पाहण्याची दृष्टि बदलली. पुढें २०१९ सालीं, देशभर माणसें आपला वेळ कसा घालवितात याची पहिली सर्वंकष पाहणी झाली. घरांतलें बिनमोबदल्याचें काम करणाऱ्यांत स्त्रिया त्यापायीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटें, असें तींत दिसून आलें. शिवाय सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांतल्या सुमारें ८१ जणी हें काम करीत होत्या, आणि शंभर पुरुषांतले सुमारें २६ जण. हें मोजावयाचें असतें, हेंच मुळीं आधीं कोणास सुचावें लागलें.

दुसरें उदाहरण कायद्याचें. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका आदिवासी मुलीवर १९७२ सालीं पोलीसठाण्यांत अत्याचार झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मुलीनें प्रतिकार केल्याच्या खुणा नाहींत अशा विचारानें आरोपी पोलीस सुटले. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस एक खुलें पत्र लिहिलें. मुकाट्यानें सोसणें म्हणजे संमति काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांतून देशभर चळवळ उठली आणि १९८३ सालीं कायदा बदलला. कायद्याचीं पुस्तकें वर्षानुवर्षें शिकविणाऱ्यांनींच आपल्या शास्त्राला प्रश्न विचारला, हें यांतलें मर्म आहे.

तिसरें उदाहरण माझ्या स्वतःच्या विषयाचें, इतिहासाचें. आम्ही इतिहासाचे अध्यापक दप्तरें, सनदा, बखरी आणि पत्रव्यवहार यांना साधनें मानीत आलों. ज्यांनीं कधीं सही केली नाहीं, त्यांना आमच्या इतिहासांत शिरावयाला वाट नव्हती. पण पहांटे जात्यावर बसलेली बाई गात होती. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, दुष्काळ, भावाची माया, डॉ. आंबेडकरांविषयींची भक्ति, सारें त्यांत आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीं आंबेडकरी चळवळींत वावरलेल्या स्त्रियांना गांठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, आणि १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक सिद्ध केलें. १९४२ च्या जुलैंत नागपुरास दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती; तिच्यांतल्या बायकांचीं नांवें माझ्या पिढीच्या किती इतिहास-शिक्षकांना ठाऊक होतीं? त्या बायका तेव्हां जिवंत होत्या. विचारलें असतें तर बोलल्या असत्या.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जो विषय इतरांना प्रश्न विचारतो, त्यालाहि प्रश्न विचारले गेले. 'स्त्री' म्हणून ज्या स्त्रीचा विचार होतो ती कोणत्या जातीची, कोणत्या वस्तींतली, असें दलित स्त्रियांनीं विचारलें. पुणें विद्यापीठाच्या केंद्रांत शर्मिला रेगे यांनीं हा प्रश्न आपल्या अध्यापनाच्या आणि लेखनाच्या केंद्रस्थानीं ठेविला. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणारा त्यांचा ग्रंथ २००६ सालीं आला. २०१३ सालीं, पन्नाशीच्या आंतच, त्या गेल्या. मुक्ताबाईनें १८५५ सालीं जें लिहिलें होतें, तेथवर विद्यापीठाला यावयास दीडशें वर्षें लागलीं, असें म्हटलें तर तें फार चुकीचें होणार नाहीं.

श्रोतेहो, आतां त्या वडिलांच्या शंकेकडे वळलें पाहिजे. ती शंका खोटी नाहीं. या विषयाच्या नुसत्या नांवावर नोकरी मिळते, असें मी सांगणार नाहीं. या केंद्रांचा संसारहि अनुदानाच्या मुदतींवर चालत आला. मुदत संपत आली कीं तेथील अध्यापक चिंतेंत पडत. वर्गांत मुलगे फार थोडे येतात. जणूं हा अभ्यास फक्त मुलींच्या कामाचा आहे! खरें पाहतां ज्यांना तो अनोळखी वाटतो, त्यांनींच तो आधीं करावयास हवा. पण जी मुलगी अर्थशास्त्र शिकणार आहे, तिनें राष्ट्राच्या उत्पन्नाचा हिशेब मांडतांना आपल्या आईचे दिवसाचे पांच तास कोणत्या रकान्यांत जातात, हें विचारूं नये काय? आणि ज्या हिशेबांत तो रकानाच नाहीं, तो हिशेब बरोबर आहे असें आपण किती दिवस म्हणत राहणार?

दुय्यम या शब्दाविषयींहि मीं पुष्कळ विचार केला. घरांत, पंगतींत, इतिहासांत जिला दुसरी जागा मिळाली, तिच्या अभ्यासालाहि पत्रकांत दुसरीच जागा मिळावी, यांत एक कडवट न्याय दिसतो. पण त्या दुसऱ्या जागेवरून पहिल्या जागेचे दोष नीट दिसतात. मीं तीस वर्षें मुख्य विषय शिकविला. त्यांतली उणीव मला दाखविली ती अजून महाविद्यालयाची पायरीहि न चढलेल्या मुलीनें.

ते टिपणांचे कागद पाहिल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यांच्या घरीं गेलों, आणि माझा आदल्या दिवशींचा सल्ला मीं परत घेतला. वडिलांनीं माझें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. शेवटीं ते म्हणाले, "तुमची आणि तिची इच्छा आहे, तर घेऊं दे." त्यांना पटलें होतें असें नाहीं, पण त्यांनीं अडविलें नाहीं.

दिवाळीच्या सुमारास ती मुलगी घरीं येऊन गेली. त्यांच्या वर्गाला एक काम दिलें होतें : आपल्या घरांतील एका स्त्रीचा एक दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, घड्याळ लावून टिपून काढावयाचा. तिनें आजीचा दिवस निवडला होता. पहांटे साडेचार वाजतां ती पाठीमागें फिरूं लागली, तेव्हां आजीला हंसूं आवरेना. दुपारीं मुलीला शिकवणीला जावें लागलें, म्हणून तेवढ्यापुरतें घड्याळ आणि कागद तिनें वडिलांच्या हातीं दिले. रात्रीं बेरीज केली ती अकरा तास वीस मिनिटांची निघाली. त्यांतल्या अडीच तासांची नोंद वडिलांच्या अक्षरांत होती. तो कागद तिनें मला दाखविला. एका ओळीवर वडिलांनीं 'विश्रांति' असें लिहून मग तें खोडलें होतें, आणि त्यापुढें लिहिलें होतें, 'तांदूळ निवडणें.'